चोळ्यांपुरतं बलुतं

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. दोनदा बसलो आणि उठलो. यात कुणी मेलं नाही, कुणाचं डोकं फुटलं नाही, मग लोकांना सांगायचं काय? शिवाय सगळं आमच्याच घरातलं. दादाला कळलं तर तो बोलणार काही नाही, नुसता बघेल, आणि त्याचं ते बघणं मला सोसत नाही. तरी लिहितोय. डोक्यात नुसतं घोळत राहिलं की माणूस कामात चुका करतो, परवा खडी फोडताना अंगठाच ठेचून घेतला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, लालासाहेब. लढाई संपली तशी पलटणीतली माणसं घरी यायला लागली, तसा तोही शिमग्याच्या आधी आला. पत्र्याची ट्रंक, खाकी कोट आणि नखात काळं वंगण. इजिप्तकडं मोटारींच्या वर्कशॉपात होता. ट्रकची इंजिनं उतरवायची, खोलायची, परत चढवायची, हेच पाच वर्षं. आमचं गाव वडूजपासून दोन कोसांवर. तिथं तेव्हा इंजिन म्हणून एकही नव्हतं. रान माळाचं, पाऊस झाला तर ज्वारी, नाही झाला तर कुसळं. दादा आला, चार दिवस लोक बघायला आले, लढाईचं विचारून गेले, आणि मग तो आमच्यासारखाच बांधावर बसून आभाळाकडं बघायला लागला.

तेवढ्यात दवंडी आली. पलटणीतून आलेल्यांना सरकार साताऱ्याला धंदा शिकवणार. सहा महिने राहणं, जेवण फुकट, शिकून झालं की कारखान्यात नोकरी लावून देणार. दादानं त्याच दिवशी ट्रंक भरली. आईनं गावभर सांगितलं, माझा लाला आता कारखान्यात इंजिनावर जाणार.

आषाढात मी त्याला भाकरी-चटणी आणि घोंगडं द्यायला गेलो. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. वर्धनगडच्या घाटात सगळ्यांना उतरवून ढकलायला लावली. साताऱ्यात पोचलो तेव्हा माझे हात-तोंड काळे झाले होते, आणि दादा असाच काळा असेल असं मनात धरून मी त्याच्या वर्गात शिरलो.

तो पांढराधोट होता. एका लांब पडवीत पंधरावीस शिवणाची मशीनं मांडलेली, आणि प्रत्येकावर एक मिशीवाला गडी वाकून बसलेला. दादाचे गुडघे मशीनच्या पाट्याखाली मावत नव्हते, म्हणून तो तिरका बसून पाय मारत होता. पुढ्यात फाटक्या तंबूचं कापड. त्याची पिशवी शिवायची, मास्तर बघून जायचा, ती उसवायची, परत शिवायची. कापड रेशनवर होतं, सरकारकडंच नव्हतं, तर शिकायला कुठून देणार?

मला बघून दादा उठला नाही. म्हणाला, "घोंगडं तितं ठिव. आन् घरी काय सांगू नगंस."

शेजारच्या मशीनवर जतचा धुळा धनगर होता, त्यानं मला सगळं सांगितलं. इंजिनाच्या वर्गाचं यंत्र पुण्याहून निघालं होतं, ते काही आलं नाही. आले ते गडी शिवणावर बसवले. वर्गावरचे विष्णुपंत वाईट माणूस नव्हते. दादा त्यांच्याकडं दोनदा गेला होता, मी इंजिनं खोलली आहेत म्हणून सांगायला. ते म्हणाले होते, वर्ग रिकामा दिसला तर वरून बंद होईल, मग तुम्हाला जेवण तरी कोण घालणार? रिकामं बसण्यापेक्षा काही तरी शिका. धुळा मेंढरं राखणारा, त्याला पलटणीत खेचरं दिली होती. तो म्हणाला, "मला काय, मी आदी लोकर कातरायचो, आता कापड कातरतो. तुजा भाऊ मातुर रातचा झोपंत बी नट पिळतोय."

मी घरी आलो आणि आईला सांगितलं, दादा चांगला आहे, गोरा झालाय.

दसरा झाला आणि वर्ग संपला. निघताना प्रत्येकाला लष्कराच्या गोदामातलं एकेक जुनं मशीन दिलं, आणि सहा जणांना सांगलीच्या एका कारखान्याकडं धाडलं. तिथं पाण्याचे पंप बनायचे, आणि त्यांनी नोकरीच्या हापिसाकडं शिकलेली माणसं मागितली होती. मशीन उचलायला दुसरा माणूस पाहिजे म्हणून दादानं मला बोलावून घेतलं. आम्ही ते मशीन पोत्यात गुंडाळून सांगलीपर्यंत नेलं.

कारखान्याच्या फाटकातच मला बरं वाटलं. आत भट्टी धडधडत होती, ओतीव लोखंडाचा वास येत होता, आणि दादा त्या वासानं सरळ उभा राहिला. फोरमन चिंतामणराव बाहेर आले. काळी पडलेली हाफ पँट, भुवया जळालेल्या. त्यांनी सहाही जणांचे कागद बघितले आणि खाली दगडावर बसले.

"मी वर्षभर साच्याची माणसं मागतोय," ते म्हणाले. "वाळू ठोकून साचा करणारी, रस ओतणारी. मागच्या खेपेला हापिसानं मला चार सुतार धाडले. आता शिंपी. पुढच्या खेपेला कोंबड्या पाळणारे येतील."

दादा पुढं झाला. आपण इंजिनाचं काम केलंय, वाळू ठोकायला आठ दिवसांत शिकीन, झाडलोटीवर ठेवलं तरी चालेल, असं त्यानं सांगितलं. पाच वर्षांत तो कुणापुढं इतकं बोलला नसेल. चिंतामणरावांनी ऐकून घेतलं. मग त्याचा कागद त्याच्या हातात परत दिला.

"तुला घ्यायला माझी ना नाही रे. पण तुला घेतला की हापीस लिहिणार, या कारखान्याची मागणी पुरी झाली. मग साच्याची माणसं मला कोण देणार? तुझ्यापायी माझी भट्टी बंद पडायची."

सगळ्यांना चहा दिला त्यांनी. कप परत घेताना म्हणाले, "मनात काही धरू नका."

दादा कृष्णेच्या घाटावर बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसला. मी मशीनजवळ. मला वाटलं तो आता मशीन पाण्यात ढकलणार. पण त्यानं पोतं सुटलं होतं तिथं नीट गाठ मारली आणि म्हणाला, "चल. मोटार चुकंल."

घरी वहिनीनं, बनुबाईनं, मशीन बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात धरला. हसत होती का रडत होती कळेना. मग म्हणाली, "इंजिनावर गेल्यालं मानूस शिंपी हुन आलं. आता माज्या माहेरी काय सांगू?" आईनं तिला गप्प केलं आणि मशीनवर वाकळ टाकली. तेव्हापासून ते तसंच कोपऱ्यात, झाकलेल्या म्हातारीसारखं.

आता गावचं सांगितलं पाहिजे. गावात शिंप्याचं घर एकच, ज्योतिबातात्यांचं. त्यांचा पोरगा नाथाजी माझ्या बरोबरीचा. आम्ही दोघं एका पाटीवर शिकलो आणि एकाच दिवशी शाळा सोडली. तात्यांकडं हाताचं मशीन होतं. एका हातानं चाक फिरवायचं, एका हातानं कापड सारायचं. गावाच्या बंड्या, पैरणी, चोळ्या, पोरांची टोपडी, सगळं तिथं व्हायचं, आणि त्याबदल्यात सुगीला प्रत्येक खळ्यावर त्यांचं बलुतं ठरलेलं. पण कापड रेशनवर गेल्यापासून शिवायला येतच नव्हतं. आलं तर ठिगळाचं. तात्या तरी दार उघडून मशीन पुसून बसायचे.

म्हणून दादानं आल्या आल्या मला सांगितलं होतं, "सया, ह्या गावात मी सुई धरायची न्हाई. त्यो त्येंचा हक हाय."

आणि तो पाळतही होता. तो, मी, आई, वहिनी, चौघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. पाऊस मधेच गेला होता, बाजरी हाती लागली नव्हती, ज्वारी होती ती गुडघ्याएवढी. दादाचे हात दोन आठवड्यांत परत काळे झाले.

मार्गशीर्षात नानासोंच्या पोराचं लग्न निघालं. नानासो गावचे पाटील, आणि आमच्या भावकीतले थोरले. लग्नासाठी त्यांना कापडाचं परमिट मिळालं होतं. ते कापड घेऊन ते आमच्याच दारात आले. दादा खडीवरून येऊन पाय धूत होता.

नानासो म्हणाले, नवरदेवाचा कोट तू शिव, लाला. घरचा पोरगा सरकारी शिक्षण घेऊन आलेला असताना दुसऱ्याच्या दारात कापड टाकलं तर लोक काय म्हणतील? दादानं ज्योतिबातात्यांचं नाव काढलं. नानासो म्हणाले, तात्यांच्या डोळ्यांना आता दिसतंय कुठं, आणि पलटणीचा कोट त्यांना जमणार आहे का? थोरल्या माणसाला दारातून परत लावायचं म्हणजे काय असतं ते आम्हालाच ठाऊक. शेवटी तो म्हणाला, "शिवतो. पन शिलाई घेनार न्हाई. सुपभर दानं बी न्हाई. भावकीचं म्हनून शिवतो. तात्याचं बलुतं हाय तसं त्येला पोचलं पायजे."

नानासोंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, ह्याला म्हणतात माणूस.

तीन दिवस आमच्या घरात मशीनचा आवाज घुमला. वहिनी दिवा धरून बसायची. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच तिला नवऱ्याच्या हुनराचं काही वाटलं असावं. दादाला शिकवलं होतं तेच त्यानं शिवलं. चार खिसे, खिशांना झाकणं, आणि खांद्यावर पट्ट्या. हळदीच्या आदल्या दिवशी नवरदेवानं आमच्या दारात तो घालून बघितला, तर हवालदारच दिसला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पण पोरंटोरं वेडी झाली. नाथा माझ्या कानात म्हणाला, "नवरीला आता सलाम ठोकायला लावत्याल." आम्ही दोघं हसलो.

हळदीच्या दिवशी आमच्याकडं एक रीत असते. शिंपी शिवलेले कपडे घेऊन येतो, घरधनी त्याच्या हातात नारळ आणि फेट्याचं कापड ठेवतो, आणि मग कपडे आत जातात. त्या दिवशी कोट घेऊन दादाच गेला. नानासोंनी गडबडीत नारळ त्याच्याच हातात ठेवला. दादानंही घेतला. भावकीतल्या थोरल्यानं दिलेला नारळ कोण नाही म्हणतं? तात्या मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते, धुतलेलं धोतर नेसून. त्यांनी नारळाकडं बघितलं आणि मग पान लावायला घेतलं. आदल्या दिवशी हसलेला नाथा माझ्याजवळून उठून गेला.

फाल्गुनात मळण्या सुरू झाल्या. नानासोंच्या विहिरीच्या रानात थोडी बरी ज्वारी आली होती. खळ्यावर मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बैल बांधून फिरवायचे. दादा बैल हाकत होता, मी कणसं सारत होतो, एक गडी वावडीच्या तिपाईवर चढून वारं देत होता. भुसकटानं घसा खरवडून निघत होता. रास पडली तसे बलुतेदार यायला लागले. लोहार आला, सुतार आला, न्हावी आला. ज्याची त्याची पाटी भरली. शेवटी तात्या आले, मागं पोतं घेऊन नाथा.

नानासो राशीजवळ बसले होते. त्यांनी पाटी उचलली नाही.

"ज्योतिबा," ते म्हणाले, "वरीसभरात तुजी सुई आमच्या उंबऱ्यात आली का? कापड आलं त्ये लग्नाचं. त्ये लालानं शिवलं. बिनकामाचं बलुतं कसं घालायचं? माज्या बी तोंडाचा इचार कर."

तात्या म्हणाले, "कापड आलं न्हाई त्यात माजा काय गुना, पाटील? मी तर दार उघडून बसलो व्हतो."

दादानं बैल थांबवले. कासरा हातातच घेऊन तो पुढं आला. "नाना, म्हनूनच मी शिलाई घेतली न्हाई. तात्याचं ऱ्हावं म्हनून."

नानासो त्याच्याकडं बघून हसले. खवचट नव्हतं ते हसणं, त्यांना खरंच पटत नव्हतं. "आरं, तू घेतलं न्हाईस. मग शिवन फुकाट झाली की. फुकाटच्या कामाचं आनि दुसऱ्याला काय द्यायचं?"

बैलानं रास हुंगली, मी त्याला मागं ओढला. नाथानं पोतं झटकलं, घडी घातली आणि काखेत मारली. बापाचा दंड धरून खळ्यावरून उतरवला. दादा तिथंच, कासरा हातात, तोंडावर भुसकट. त्याला तेव्हा कळलं असावं. शिलाई घेतली असती, तर तात्या चावडीवर जाऊन म्हणू शकले असते की माझ्या हकाची शिलाई दुसऱ्यानं खाल्ली, मला भरून द्या. न घेतल्यामुळं भांडायलाच काही उरलं नव्हतं.

पाटलानं घातलं नाही, तसं भावकीतल्या बाकीच्या खळ्यांवरही तेच. यंदा शिवलं काय? ज्याला त्याला एक पाटी वाचलेली बरीच होती. बोलून दाखवताना मात्र प्रत्येक जण दादाचं नाव पुढं करायचा. आपला लाला आहे आता.

आमची रास म्हणजे राशीचं पिल्लू. तरी दादानं त्यातून सगळ्यांत आधी तात्यांची पाटी भरली, शीग लावून, आणि स्वतः डोक्यावर घेऊन गेला. मी मागं. तात्या मशीनपुढं बसले होते. त्यांनी पाटी खाली ठेवू दिली नाही.

"तुज्या घरात शिवतंय कोन, लाला?"

"मी न्हाई शिवत, तात्या. त्या एका कोटाबिगर..."

"घरात मशीन हाय. शिकल्यालं मानूस हाय. उद्या तुजी पैरन उसवली तर माज्याकडं आनशील? मग मी कशाचं घिऊ? भीक घालायची आसंल तर बाजारात पटकूर टाकून बसतो, तितं यिऊन घाल."

दादा ते ओझं डोक्यावर घेऊन तसाच परत आला. शीग लावलेली, त्यामुळं चालताना दाणे सांडत होते आणि मागून कोंबड्या टिपत येत होत्या. समोरून माणसं आली, त्यांनी विचारलं, "पाटी माघारी का रं?" दादा तसाच पुढं चालत राहिला. घरी वहिनीनं पाटी उतरून घेतली.

झालं ते मी सांगितलं, आमची आई मनुबाई चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या आणि वहिनीच्या फाटक्या चोळ्या काढल्या. दादाला चोळी शिवता येत नव्हती. साताऱ्याला शिकवलीच नव्हती, आणि शिकवली असती तरी गावातली कुठली बाई त्याच्याकडं आली असती? चोळ्या तात्याच शिवायचे, जुनी चोळी बघून, माप न घेता. आईनं गाठोडं काखेत घेतलं, पाटी माझ्या डोक्यावर दिली, आणि तात्यांच्या दारात जाऊन बसली.

"आवं तात्या," ती म्हणाली, "माज्या चोळ्या तर तुमीच शिवता न्हवं? का त्ये बी लाला शिवतोय?"

तात्यांनी चोळ्या उलगडून बघितल्या. बगलेत गेल्या होत्या, पाठीत विरल्या होत्या. मग उठून आतून आपलं धान्याचं माप आणलं. पाटीतून आपल्या हातानं थोडे दाणे मापले आणि आपल्या सुपात ओतले. "चोळ्यांपुरतं," म्हणाले. सुपाच्या काठावर जास्तीचे दाणे अडकले होते, तेही बोटानं निपटून त्यांनी आमच्या पाटीत टाकले.

आई वाटेत मला म्हणाली, "घेतलं तर खरं." पण तिचा आवाज काही सुखाचा नव्हता. तेवढ्यानं त्या घराचा पंधरवडाही निघणार नव्हता.

दादा पाडव्याच्या आधी सांगलीला गेला. हळदीच्या एका पेढीवर पोती शिवायचं काम मिळालं. तिथं मशीन लागत नाही. दाभण आणि सुतळी. सहा महिने सरकारनं शिकवलं, आणि आता हमालांच्या पंक्तीत बसून तो दाभण मारतो. हळदीनं हात पिवळे झालेत म्हणून निरोप पाठवला होता, वहिनीला हसवायला. ती हसली नाही. मशीन वाकळीखाली आहे. विकायचं नाही, वापरायचं नाही.

आता माझं. पाडवा झाला आणि परत दवंडी आली. साताऱ्याचा वर्ग पुन्हा सुरू होतोय, आता पलटणीत नसलेल्या पोरांनाही घेणार, गावातून एक. एक म्हटल्यावर नानासोंनी चावडीवर माझं नाव सांगितलं. भावकीचं. नाथाचं नाव कुणी काढलं नाही. तात्या तिथंच बसले होते. मी म्हणालो, मला जरा विचार करू द्या. नानासो म्हणाले, विचार कसला, सोमवारी निघायचं.

परवा नाथा आणि मी शेजारी शेजारी खडी फोडत होतो. तो आता रोजच येतो. शिंप्याचा पोरगा, त्याची बोटं मऊ होती, ती आता फुटलीत. मला म्हणाला, काल सुईत दोरा ओवायला गेलो, तर दोरा बोटाच्या भेगेतच अडकला. सांगताना तो हसला. मग हातोडा खाली ठेवला.

"सोमवारी जातुयास न्हवं?"

मी म्हणालो, जाणार. घरात खाणारी तोंडं कमी व्हायला पाहिजेत. तू जातोस का माझ्याजागी, असंही विचारलं. तो म्हणाला, नानासो घालतील का माझं नाव? मी पुढचा दगड हातात घेतला.

त्यानं एक दगड उचलला, उलटापालटा केला, कुठून फुटेल ते बघितलं. "कारखान्याचं शिकवत्याल?"

"म्हनत्यात तसं."

"लालादादाला बी तसंच म्हनलं व्हतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तितं नुसती मशीनंच मांडली आसली तर, सया? तू बी शिकून आलास, तर आमी गाव सोडायचं का?"

मी म्हणालो, तुझी शपथ. तो म्हणाला, "शपत नगं. नुसतं सांग."

मी हातातला दगड टाकला.

"सांगतो. शिवन शिकनार न्हाई, नाथा. मशीन दिसलं तर त्याच पावली माघारी यीन, आन् हितंच तुज्या शेजारी खडी फोडीन."